बीजवाहिनीचा दाह आणि वंध्यत्व



दिल्लीत श्री अरविंद मार्गाच्या एका बाजूस अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आहे आणि दुसऱ्या बाजूस सफदरजंग रुग्णालय. सकाळच्या वेळी त्या रस्त्याने जाणाऱ्यास बाह्यरुग्ण विभागाकडे निघालेल्या माणसांची रीघ दिसते. कोणी सोनीपतहून आलेले असते, कोणी गाझियाबादहून, कोणी रात्रीच्या गाडीने थेट अलवरहून. या गर्दीत एखादे तरुण जोडपे असते. स्त्रीच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी असते आणि तीत चार-पाच वर्षांचे कागद व क्ष-किरणांची छायाचित्रे असतात. बहुधा सासूही बरोबर आलेली असते. मी कोणा एका व्यक्तीचे वर्णन करीत नाही. असे जोडपे या शहरातील प्रत्येक मोठ्या रुग्णालयात रोज येते. त्या कागदांपैकी एकावर ‘दोन्ही नलिका बंद’ असा शेरा असतो. दवाखान्यातून घरी पोहोचेपर्यंत या शब्दांचा अर्थ बदलतो. घरात त्यांचे भाषांतर ‘हिच्यातच दोष आहे’ असे होते.

आजचे माझे भाषण या चुकीच्या भाषांतराविषयी आहे. बीजवाहिनी जन्मतःच बंद असण्याचे प्रसंग अत्यंत विरळ. ती पुढे केव्हातरी बंद पडते, आणि ती बंद पाडणारा बहुधा दाह असतो. दाहाच्या मुळाशी बहुतेक वेळा एखादा रोगजंतू असतो. या जंतूंवर आज चांगली औषधे आहेत. परंतु दाह शमल्यानंतर मागे जो वण राहतो, त्यावर मात्र औषध नाही. या दोन गोष्टींमध्ये जे अंतर आहे ते काळाचे आहे, आणि स्त्रीच्या मातृत्वाचे भवितव्य पुष्कळदा याच अंतरात ठरते.

प्रथम या अवयवाची ओळख करून घेऊ. गर्भाशयाच्या वरच्या दोन कोपऱ्यांतून दोन नाजूक नलिका निघतात आणि दोन्ही बाजूंच्या बीजकोशांपर्यंत पोहोचतात. बोलताना आपण त्यांना नुसते ‘नळ्या’ म्हणतो. इटलीतील पादुआ येथील विद्यापीठात शरीररचनाशास्त्र शिकविणाऱ्या गाब्रिएले फालोप्पिओ याने १५६१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांचे काळजीपूर्वक वर्णन केले, म्हणून जगभर त्या त्याच्या नावाने ओळखल्या जातात. त्यांचा आकार पाहून त्याला तुतारीची आठवण झाली. गर्भाशयाकडचे टोक अरुंद असते आणि बीजकोशाकडचे टोक तुतारीच्या तोंडासारखे पसरट असते. त्या तोंडाला झालर असते. नलिकेची लांबी साधारणपणे दहा ते बारा सेंटिमीटर भरते. गर्भाशयाच्या भिंतीतून जाताना तिचा पोकळ भाग एक मिलिमीटरहूनही अरुंद असतो.

ही नलिका म्हणजे केवळ पाणी वाहून नेणारा नळ आहे, असे मात्र कोणी समजू नये. बीजकोशातून स्त्रीबीज सुटताच झालर त्याला अलगद आत ओढून घेते. नलिकेच्या आतील अस्तराला असंख्य घड्या असतात आणि त्या घड्यांवर डोळ्यांना न दिसणारी लव असते. वाऱ्याने शेतातील पीक एका दिशेने लवावे तशी ही लव सतत गर्भाशयाच्या दिशेने हलत असते. नलिकेच्या रुंद भागात स्त्रीबीज आणि शुक्रजंतू यांचा संयोग होतो. फलित झालेले बीज तीन-चार दिवस नलिकेतच राहते, तेथे त्याचे पोषण होते, आणि मग ते गर्भाशयात उतरते. याचा अर्थ असा की मानवी जीवनाचे पहिले काही दिवस गर्भाशयात नव्हे, तर या नलिकेत जातात. म्हणूनच नलिका उघडी असणे पुरेसे नाही. तिचे अस्तर निरोगी हवे, तिची लव जिवंत हवी आणि तिचे तोंड मोकळे हवे.

आता दाह म्हणजे काय ते पाहू. बोटाला काटा टोचला की ती जागा लाल होते, सुजते आणि ठणकते. शरीराने आगंतुकाशी आरंभिलेला हा लढा असतो. तेथे रक्ताचा ओघ वाढतो, पांढऱ्या पेशी धावून येतात, द्रव साठतो, कधी पू होतो. लढा संपला की शरीर त्या जागेची डागडुजी करते आणि मागे एखादा लहानसा वण उरतो. बोटावरच्या वणाने आपले काही अडत नाही. परंतु हीच घटना सुतासारख्या अरुंद नलिकेत घडली तर काय होईल? अस्तराच्या सुजलेल्या घड्या एकमेकींना चिकटतात. लव झडून जाते. झालरीची बोटे आत वळून जुळतात आणि तोंड मिटते. बाहेरच्या बाजूस नलिका, बीजकोश आणि आतडी यांच्यामध्ये जाळ्यासारखे पापुद्रे तयार होतात. तोंड मिटलेल्या नलिकेत पुढे पाणी साठून ती फुगते. शरीराने आपल्या रक्षणासाठीच हे सारे केलेले असते, पण त्या रक्षणाची किंमत मातृत्वाला द्यावी लागते. नलिका अर्धवट खराब झाली असेल तर आणखी एक धोका संभवतो. फलित बीज वाटेतच अडकून नलिकेत गर्भ वाढू लागतो, नलिका फुटते, आणि पोटात रक्तस्राव होऊन स्त्रीच्या प्राणांवर बेतते.

हे जंतू नलिकेपर्यंत येतात कसे? त्यांचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग खालून वर जाणारा. परमा या रोगाचे जंतू, तसेच क्लॅमिडिया नावाचे जंतू, शरीरसंबंधातून योनिमार्गात येतात आणि गर्भाशयमुखातून वर चढतात. अस्वच्छ परिस्थितीत झालेले बाळंतपण किंवा अडाणी हातांनी केलेला गर्भपात यांमुळेही जंतूंना हीच वाट मिळते. ओटीपोटात दुखणे, ताप, अंगावरून दुर्गंधीयुक्त पांढरे किंवा पिवळे जाणे, शरीरसंबंधाच्या वेळी वेदना, ही त्याची लक्षणे होत. क्लॅमिडियाचे वैशिष्ट्य हे की तो बहुधा गाजावाजा करीत नाही. किंचित कंबर दुखते, थोडे अंगावरून जाते, स्त्री दुर्लक्ष करते, आणि तेवढ्यात आत व्हायचे ते नुकसान होऊन जाते.

या पहिल्या मार्गाने होणाऱ्या हानीचा सर्वांत काळजीपूर्वक हिशेब स्वीडनमधील लुंड येथील डॉक्टर लार्स वेस्ट्रोम आणि त्यांचे सहकारी यांनी मांडला. १९६० ते १९८४ या काळात ओटीपोटाच्या दाहासाठी रुग्णालयात आलेल्या स्त्रियांची त्यांनी पोटात दुर्बीण घालून तपासणी केली, निदान पक्के केले आणि पुढे वर्षानुवर्षे त्यांचा मागोवा घेतला. १९९२ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा : दाहाचा एक झटका येऊन गेलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ८ टक्के स्त्रियांना नलिकांच्या दोषामुळे वंध्यत्व आले. दोन झटक्यांनंतर हे प्रमाण सुमारे २० टक्क्यांवर गेले आणि तीन किंवा अधिक झटक्यांनंतर ४० टक्क्यांवर. याच स्त्रियांच्या माहितीचा पुढे आणखी अभ्यास झाला. तेव्हा असे दिसले की दुखणे सुरू झाल्यावर तीन दिवसांच्या आत उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत उशिरा येणाऱ्या स्त्रियांना गर्भधारणेत अडचण येण्याचा धोका सुमारे अडीच पट होता. औषधे तीच होती आणि रुग्णालयही तेच होते. फरक होता तो काही दिवसांचा.

स्वीडनमधील स्त्रीला दुखू लागले की ती दवाखान्यात जाते. आपल्याकडे काय होते, याचे उत्तर आपल्याच देशातील एका अभ्यासाने दिले आहे, आणि त्यासाठी दिल्लीहून दूर, महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला असलेल्या गडचिरोली जिल्ह्यात गेले पाहिजे. तेथील वसा आणि अमिर्झा या दोन गावांत डॉक्टर राणी बंग, डॉक्टर अभय बंग आणि त्यांचे सहकारी यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली. स्वतःहून दवाखान्यात आलेल्या स्त्रियाच तेवढ्या न पाहता त्यांनी गावातल्या सर्वसाधारण स्त्रिया पाहिल्या. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग असल्याचे आढळले आणि या विकारांपैकी निम्मे जंतुसंसर्गाचे होते. परंतु पूर्वी कधी स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या स्त्रिया किती होत्या? केवळ ८ टक्के. १९८९ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात हा अहवाल प्रसिद्ध झाला, तेव्हा जगभरच्या आरोग्यतज्ज्ञांना धक्का बसला. त्या गावांतील स्त्रियांना मात्र त्यात नवल वाटण्यासारखे काही नव्हते. अंगावरून जाणे हे बाईच्या जन्माबरोबर येतेच, असे त्यांना लहानपणापासून सांगण्यात आले होते. राजधानीच्या भोवतालच्या वस्त्यांतही हीच समजूत आढळते. पडदानशीन स्त्रियांना स्त्री डॉक्टर मिळावी, या हेतूने १९१६ साली दिल्लीत लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याला शतक उलटून गेले. स्त्री डॉक्टर मिळू लागली, पण संकोच अजून गेलेला नाही.

दुसरा मार्ग वरून खाली येणारा आहे, आणि आपल्या देशात त्याला फार महत्त्व आहे. हा मार्ग क्षयरोगाचा. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे क्षयाच्या जंतूच्या शोधाची घोषणा केली. आज जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. क्षय म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर खोकणारा, रक्त पडणारा, खंगलेला माणूस येतो. परंतु श्वासातून फुप्फुसात शिरलेले हे जंतू रक्तावाटे शरीरात कोठेही जाऊ शकतात. मुलगी लहान असताना किंवा वयात येताना ते बीजवाहिनीत जाऊन बसतात आणि तेथे वर्षानुवर्षे निद्रिस्त राहतात. जननेंद्रियांच्या क्षयात जवळजवळ नेहमीच बीजवाहिनी ग्रासली जाते, आणि तीही बहुधा दोन्ही बाजूंची. निम्म्याहून अधिक स्त्रियांत तो गर्भाशयाच्या अस्तरापर्यंत उतरतो. अनेकींना ना ताप येतो, ना खोकला. फुप्फुसाच्या छायाचित्रातही काही दिसत नाही. कधी पाळीला जाणे कमी होते, कधी पाळी थांबते. पुष्कळदा मूल न होणे हेच एकमेव लक्षण असते. लग्न झाल्यावर तीन-चार वर्षांनी तपासणी होते तेव्हा कळते की लढाई केव्हाच होऊन गेली आहे आणि आपल्यासमोर फक्त रणभूमी उरली आहे.

दिल्ली शहर आणि क्षय यांचा संबंध जुना आहे. दिल्ली दरवाजाजवळचे नवी दिल्ली क्षयरोग केंद्र १९४० पासून काम करीत आहे, आणि क्षयनियंत्रणाचा सुधारित राष्ट्रीय कार्यक्रम १९९३ साली प्रथम ज्या थोड्या ठिकाणी करून पाहण्यात आला त्यांत दिल्लीतील गुलाबी बाग हा भाग होता. कामाच्या शोधात येणारी कुटुंबे येथे एकेका खोलीत पाच-सहा जणांनी राहतात. खोलीला खिडकी नसते. अशा खोलीत खोकणारा माणूस घरातील लहान मुलीला जो रोग देतो, त्याची पावती तिला पंधरा-वीस वर्षांनी दुसऱ्या घरात, सून म्हणून, मिळते. हा रोग हवेतून आलेला असतो. त्याचा तिच्या चारित्र्याशी, तिच्या कुळाशी किंवा तिच्या पत्रिकेशी काडीचाही संबंध नाही. फुप्फुसात रोग नसेल तर तिच्यापासून घरातल्या कोणाला तो लागण्याचीही भीती नसते. म्हणून तिचे ताट वेगळे मांडण्याचे काहीच कारण नाही.

आता निदानाकडे वळू. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येप्रमाणे वर्षभर नियमित आणि संततिप्रतिबंधाशिवाय शरीरसंबंध असूनही गर्भ राहिला नाही, तर त्यास वंध्यत्व म्हणतात. स्त्रीचे वय ३५ च्या वर असेल तर सहा महिन्यांनंतरच तपासणीस आरंभ करावा. आणि ही तपासणी दोघांची झाली पाहिजे. पुरुषाच्या वीर्याची तपासणी सोपी, स्वस्त आणि वेदनारहित असते. तरीही पत्नीच्या अर्ध्या तपासण्या आटोपल्या तरी पतीची ही एक तपासणी राहून गेलेली असते. ती प्रथम व्हावी.

नलिका मोकळ्या आहेत की नाहीत हे पाहण्याची सर्वांत रूढ रीत म्हणजे गर्भाशयात क्ष-किरणांत दिसणारा द्रव सोडून छायाचित्र घेणे. पाळी संपल्यानंतर, बीज सुटण्यापूर्वीच्या दिवसांत ही तपासणी करतात. ओटीपोटात त्या वेळी दाह चालू असेल तर ती करू नये, कारण सोडलेल्या द्रवाबरोबर जंतू वर ढकलले जातात. या छायाचित्राचे वाचन जाणकाराने केले पाहिजे. भीतीमुळे किंवा दुखल्यामुळे गर्भाशयाजवळचे स्नायू आखडतात, द्रव पुढे सरकत नाही आणि मोकळी नलिका बंद असल्याचा भास होतो. म्हणून एका छायाचित्रावर कायमचा निकाल देऊ नये. याउलट नलिकेत मण्यांच्या माळेसारख्या गाठी किंवा ताठ काडीसारखा आकार दिसला तर क्षयाची शंका घ्यावी. अधिक खात्रीसाठी बेंबीजवळून पोटात दुर्बीण घालून नलिका प्रत्यक्ष पाहता येतात, आणि त्याच वेळी लहानसहान पापुद्रे सोडविताही येतात.

क्षयाचे निदान याहून अवघड आहे, कारण या ठिकाणी जंतू अतिशय थोडे असतात. गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा घेऊन तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. त्यातील जंतू वाढवून पाहतात, आणि त्याला कित्येक आठवडे लागतात. जंतूचा आनुवंशिक अंश शोधणाऱ्या नव्या चाचण्यांमुळे काम लवकर होते. परंतु ती चाचणी नकारार्थी आली म्हणजे रोग नाहीच असे सिद्ध होत नाही, आणि ती होकारार्थी आली एवढ्यावरच सहा महिन्यांची औषधे सुरू करणेही शहाणपणाचे नाही. सर्व पुरावा एकत्र ठेवून निर्णय घ्यावा लागतो. हातावर टोचून करावयाच्या चाचणीवरून फार तर जंतूशी कधीतरी संबंध आल्याचे कळते, आणि तसा संबंध आपल्या देशात असंख्य लोकांचा आलेला असतो. रक्तातील प्रतिद्रव्ये पाहून क्षयाचे निदान करणाऱ्या चाचण्या इतक्या फसव्या ठरल्या की भारत सरकारने २०१२ साली त्यांवर बंदी घातली. मूल व्हावे या आशेने कोणतेही औषध घ्यावयास तयार असलेल्या स्त्रीच्या बाबतीत वैद्याची जबाबदारी दुहेरी असते. खरा रोग निसटू नये आणि नसलेल्या रोगाचे औषध माथी मारले जाऊ नये, अशी दोन्ही अंगांनी त्याने काळजी घ्यावयाची असते.

उपचारांचे काय? खालून चढणाऱ्या संसर्गावर प्रतिजैविके आहेत. ती पूर्ण मुदतीची घ्यावीत, चार दिवसांत बरे वाटले म्हणून सोडू नयेत. पतीलाही औषध द्यावे, नाहीतर बरी झालेली स्त्री पुन्हा त्याच चक्रात सापडते. क्षयावर सहा महिन्यांचा उपचार आहे. पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढील चार महिने तीन औषधे द्यावयाची असतात. पूर्वी अनेक डॉक्टर सावधगिरी म्हणून नऊ महिने किंवा त्याहूनही अधिक काळ औषध देत. दिल्लीच्या आयुर्विज्ञान संस्थेत या आजाराच्या स्त्रियांचे दोन गट करून सहा आणि नऊ महिन्यांच्या उपचारांची तुलना करण्यात आली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सहा महिने पुरेसे असल्याचे दिसले. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही सहा महिन्यांचीच शिफारस आहे. सरकारी केंद्रांत ही औषधे विनामूल्य मिळतात. २०१८ पासून रुग्णाला पोषणासाठी दरमहा पाचशे रुपये मिळू लागले आणि २०२४ च्या नोव्हेंबरपासून ही रक्कम एक हजार करण्यात आली.

परंतु येथे एक कटू सत्य सांगितलेच पाहिजे. औषधाने जंतू मरतो, पण वण पुसला जात नाही. रोग आरंभी पकडला तर औषधानंतर आपोआप गर्भ राहू शकतो. नलिका एकदा आतून चिकटून कडक झाली की मात्र सहा महिन्यांचे काय, सहा वर्षांचे औषधही ती मोकळी करीत नाही. क्षयाने बंद झालेल्या नलिका शस्त्रक्रियेने उघडण्याचा प्रयत्न सहसा निष्फळ ठरतो. इतर काही अडथळे बारीक तारेने किंवा दुर्बिणीतून दूर करता येतात. मात्र त्यानंतर नलिकेत गर्भ राहण्याचा धोका असतो, याची स्त्रीला कल्पना दिली पाहिजे. नळ्या उघडण्याची हमी देणाऱ्या पुड्या, काढे आणि मसाज यांच्या जाहिराती दिल्लीच्या भिंतींवर पुष्कळ रंगविलेल्या दिसतात. त्यांनी नळ्या उघडत नाहीत. मोलाचा काळ तेवढा निघून जातो.

बंद नलिकेला वळसा घालण्याचा मार्ग विज्ञानाने शोधला, आणि त्याचा इतिहास याच व्याधीशी निगडित आहे. इंग्लंडमधील लेस्ली ब्राऊन या स्त्रीच्या नलिका बंद होत्या. तिचे बीज पॅट्रिक स्टेप्टो, रॉबर्ट एडवर्ड्स आणि जीन पर्डी यांनी शरीराबाहेर फलित केले, आणि २५ जुलै १९७८ रोजी ओल्डहॅम येथे लुईझ ही मुलगी जन्मली. त्यानंतर अवघ्या सत्तर दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कलकत्त्यात डॉक्टर सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांनी भारतातील अशी पहिली मुलगी जन्मास आली. त्यांच्या कार्यावर त्या वेळी विश्वास ठेवला गेला नाही, आणि १९८१ साली त्यांनी आपले जीवन संपविले. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉक्टर इंदिरा हिंदुजा आणि शास्त्रज्ञ टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांना यश आले. पुढे याच आनंदकुमारांनी मुखोपाध्यायांची टिपणे तपासून त्यांचा अग्रमान जाहीरपणे मान्य केला. दुसऱ्याचे श्रेय असे परत करणारी माणसे विज्ञानात असतात, हे सांगण्यासारखे आहे.

आज हा उपचार दिल्लीत सरकारी व खासगी अशा दोन्ही ठिकाणी मिळतो आणि २०२१ च्या कायद्याने त्याला नियमांची चौकट आली आहे. तरीही तो सर्वांवरचा उपाय नव्हे. नलिकेत पाणी साठलेले असेल तर यशाची शक्यता जवळजवळ निम्म्यावर येते. म्हणून प्रथम अशी नलिका काढून टाकावी किंवा गर्भाशयापाशी बंद करावी लागते. जी नलिका उघडावी म्हणून स्त्री आली, तीच काढावयास सांगितल्यावर तिला काय वाटत असेल याचा विचार करून, वेळ देऊन तिला समजावले पाहिजे. क्षयाने गर्भाशयाचे अस्तरच नष्ट केले असेल तर बाहेर फलित केलेले बीजही तेथे रुजत नाही. अशा वेळी कर्ज काढून, दागिने विकून पुन्हा पुन्हा प्रयत्न करावयास लावणे म्हणजे आशेचा व्यापार होय. स्पष्ट शब्दांत सत्य सांगणे आणि दत्तक मुलाचा विचार त्यांच्यासमोर ठेवणे, हेही वैद्याच्या कर्तव्यात येते.

समारोप करताना आपणा सर्वांना तीन गोष्टी सांगते. घरातील मुलीला किंवा सुनेला ओटीपोटात दुखत असेल, ताप असेल, अंगावरून जात असेल, तर ‘बायकांचे असतेच’ असे म्हणू नका. तिला त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्या. घरात कोणाला दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असेल तर त्याची तपासणी करा आणि औषध पूर्ण होईल हे पाहा, कारण त्या खोलीतल्या लहान मुलीचे भवितव्य त्यावर अवलंबून आहे. आणि लग्नानंतर वर्षभर पाळणा हलला नाही तर तपासणीला दोघेही जा.

आपल्या भाषेत ‘वांझ’ हा शब्द आहे. जमिनीला, झाडाला आणि बाईला तो सारखाच लावला जातो, जणू तिच्या घडणीतच काही उणे होते. आपण आता पाहिले की घडणीत काही उणे नव्हते. एक जंतू आला, शरीराने त्याच्याशी लढा दिला, शरीर जिंकले आणि त्या विजयाचा वण राहिला. ज्या स्त्रीने हा लढा एकटीने, न सांगता, कित्येकदा स्वतःलाही न कळता दिला, तिला आपण दोष देतो. यापुढे ‘दोन्ही नलिका बंद’ असे लिहिलेला कागद आपल्या पाहण्यात आला, तर त्याचे भाषांतर नीट करा. हिच्यात दोष आहे, असे ते नाही. हिला वेळेवर उपचार मिळाले नाहीत, असे आहे; आणि त्या विलंबात आपण सारेच सहभागी होतो.